गळालेला ‘न’

नागपुरात ‘ऑरेंज’ खायला मिळत नाही, वाचायला मात्र पावलोपावली मिळतं. लॉन असो, शिकवणी वर्ग असो की मोटारींचं गॅरेज, पाटीवर आधी ‘ऑरेंज सिटी’, मग धंद्याचं नाव. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी धावणारी मेट्रोही ऑरेंज लाइन. फळाच्या गाडीपाशी उभं राहिलं की तोंडातून येतो तो ‘संत्रा’. दुकानांच्या पाट्या देवनागरीत हव्यात म्हणून 2022 साली राज्याने कायदा दुरुस्त केला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यावर सोपा तोडगा म्हणजे ‘ऑरेंज सिटी’ हीच अक्षरं देवनागरीत रंगवून घेणं. कायदा पाळला जातो आणि मराठीला काय मिळालं, यावर टपरीवरचा चहा निवेपर्यंत वाद घालता येतो. ‘संत्रानगरी’ लिहा, परका शब्द काढा, असं तावातावाने सांगणारा एक तरी त्यात असतोच. त्याला जरा थांबवावंसं वाटतं.

कारण या दोन शब्दांत इथला कोणता, हे ठरवायला गेलं तर पंचाईत त्याचीच होईल. ‘ऑरेंज’चं मूळ संस्कृत ‘नारंग’. त्याच्याही मागे द्राविडी भाषा असाव्यात असं अभ्यासक मानतात. तेलुगूत आजही ‘नारिंज’ आहे. हा नारंग फारसीत जसाच्या तसा गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, अरबांबरोबर स्पेनमध्ये उतरला. तिथे ‘न’ शाबूत राहिला. इटलीत तो गळाला. ‘उना नारांचा’ म्हणजे एक संत्रं. बोलण्याच्या घाईत त्याचं ‘उन आरांचा’ झालं आणि फळाचा ‘न’ आकड्याच्या पदरात पडला. फ्रेंचांनी उरलेल्या शब्दात ‘ओर’ म्हणजे सोनं पाहिलं आणि ‘ओरांज’ केलं. चौदाव्या शतकात तो इंग्लंडात पोचला. आमच्या काटोल-वरुडकडच्या बागायतदाराला फळगळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको; ही शब्दाची फळगळ.

फळ आलं तेव्हा इंग्रजांकडे त्या रंगाला नाव नव्हतं. पिवळा-तांबडा म्हणून भागवत होते. रंगासाठी ‘ऑरेंज’ वापरायला त्यांना सोळावं शतक उजाडलं. म्हणूनच त्यांच्याकडच्या रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी असून नावात मात्र ती आजतागायत तांबडी आहे. केशरी, शेंदरी, भगवा, नारिंगी असा भेद करणाऱ्या आपल्याला याची गंमत वाटावी. हॉलंडच्या फुटबॉलपटूंचा नारिंगी सदरा हा आणखी एक घोटाळा. तिथल्या राजघराण्याचं नाव फ्रान्समधल्या ओरांज गावावरून आलेलं. त्या गावाचा आणि फळाचा संबंध नुसता उच्चारापुरता.

अमरकोशात या फळाला ‘नागरंग’ही म्हटलं आहे. नागपूरकरांनी लगेच हुरळून जाऊ नये. रघुजी भोसले दुसरे यांनी औरंगाबादेहून झाडं आणून इथे लावली असं सांगतात, म्हणजे गोष्ट जेमतेम सव्वादोनशे वर्षांची. अमरकोश कितीतरी आधीचा. (आणि औरंगाबादचा ऑरेंजशी काही संबंध नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं.)

आता ‘संत्रा’. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं गाव आहे. त्यावरूनच हा शब्द आला असावा, असं ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जुन्या कोशात नोंदलं आहे. बाबराच्या आठवणींतही ‘संगतरा’ येतो, म्हणजे पोर्तुगीज गोव्यात पाय रोवतात न रोवतात तोच शब्द थेट उत्तरेत पोचलेला. त्यामुळे या व्युत्पत्तीवर शंका घ्यायला जागा आहे. पण मोसंबी मोझांबिकवरून आली, यावर फारसा वाद नाही. अरबांचं तर आणखी नवल. युरोपला नारंज त्यांनी दिला तो कडू फळाबरोबर. पुढे पोर्तुगीजांनी गोड जात आणली, तेव्हा त्याच अरबांनी तिला ‘बुर्तुकाल’ म्हणायला सुरुवात केली. पोर्तुगालच तो. थोडक्यात, आपण नारंग जगाला देऊन बसलो आणि घरच्या टोपलीत बहुधा परक्या गावांची नावं ठेवली. नारिंगी रंगापुरती उरली. देशी दारूच्या बाटलीवरसुद्धा संत्राच आहे.

नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना विचाराल तर ते दोन्ही बाजूंना नापास करतील. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘नागपूर ऑरेंज’ या नावाला, पण वनस्पतिशास्त्राच्या लेखी हे ऑरेंज नव्हेच. इंग्रज ज्याला खरं ऑरेंज म्हणतो ते मोसंबीच्या कुळातलं. आपलं सैल सालीचं, हाताने सोलून फोडी होणारं फळ म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा. संशोधनपत्रिकांत त्याला ‘नागपूर मॅन्डरिन’ म्हणतात.

आता हा मॅन्डरिन कोण? चिनी दरबारातल्या अधिकाऱ्याला पोर्तुगीज ‘मांदारी’ म्हणत. तो शब्द त्यांनी मलायांच्या ‘मेंतरी’वरून उचलला, आणि मेंतरी म्हणजे आपला संस्कृत मंत्री. चीनमधून आलेल्या या फळाला अधिकाऱ्यांचं नाव पडलं, कुणी म्हणतात त्यांच्या झग्याच्या रंगामुळे. म्हणजे ऑरेंज टाळून शास्त्रशुद्ध बोलायला जावं, तर पुन्हा आपल्याच अंगणात येऊन पडतो, तेही मंत्र्याच्या पायाशी.

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे होतं, बहुतेकदा डिसेंबरात. आंबिया बहाराचा माल तेव्हाच कळमन्याच्या बाजारात उतरत असतो. बांगलादेशाने आयातशुल्क चढवत नेलं आणि माल इथेच पडून राहू लागला, तेव्हा गळ्यात संत्र्यांच्या माळा घालून आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिले होते. मॅन्डरिनसाठी मॅन्डरिनकडे भाव मागत.