बोर्ड स्मार्ट झाला, पाठ कुणाच्या भाषेत?

संपादक महोदय,


शाळेत स्मार्ट बोर्ड बसवल्याच्या बातम्या हल्ली पेपरात वरचेवर येतात. फोटोत फीत कापणारे पाहुणे असतात, बोर्ड असतो. उद्यापासून त्या बोर्डासमोर जी उभी राहणार ती छात्राध्यापिका त्यात नसते. माझी भाची बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात तिची इंटर्नशिप चालू आहे. तिच्याकडून जे ऐकलं त्यावरून हे लिहिते आहे. मी स्वतः शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हा म्हातारी खडू-फळ्याची कड घेतेय असं कुणी म्हणेल. म्हणू देत.

आठवीला घर्षणाचा पाठ होता. त्या शाळेला देणगीत मिळालेल्या बोर्डात धडे आधीच भरलेले, पण इंग्रजी आणि कन्नडमध्ये. भाचीने इंग्रजी चित्रफीत लावली. चाळीस मिनिटं वर्ग चिडीचूप. "मावशी, पोरं सिनेमा बघावा तशी बघत होती. शेवटी प्रश्न विचारला तर एकाचाही हात वर नाही," ती सांगत होती. निरीक्षणाच्या तक्त्यात मात्र ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या रकान्यात पैकीच्या पैकी गुण.

दुसऱ्या तुकडीला तोच पाठ घेताना तिने चित्रफितीचा आवाज बंद केला आणि मराठीत स्वतः बोलली. मध्येच थांबवून विचारलं, "उद्यमबागला कुणाचे वडील कामाला आहेत?" पाच-सहा हात वर झाले. त्यातला एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, उठून सांगायला लागला की बेअरिंगला ग्रीस नसेल तर ते कसं तापतं आणि कसा आवाज करतं. पाठ तिथून पुढं त्या पोरांनीच नेला. या वेळचा शेरा: ‘ध्वनी बंद, साधनाचा पूर्ण वापर नाही.’ गुण कमी.

माझं दुखणं इथं आहे. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि वीस आठवडे शाळेत काढायला सांगितले. त्याच अभ्यासक्रमाच्या आराखड्यात माहिती-तंत्रज्ञानाचा जो भाग आहे, त्याच्या नावातच ‘चिकित्सक समज’ हे शब्द आहेत. म्हणजे यंत्र कधी लावायचं आणि कधी बंद करायचं, हे ठरवायला शिकवणं. आपण तपासतो काय, तर बटण दाबलं की नाही. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं मातृभाषेतून शिकवा म्हणतं आणि तंत्रज्ञानही वापरा म्हणतं. सीमाभागातल्या मराठी शाळेत ही दोन वाक्यं एकमेकांना भेटतच नाहीत. मधलं काम त्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीवर पडतं, आणि त्याला तक्त्यात रकानाच नाही.

सरकारी आकडे बघा. २०२४-२५ च्या यूडायसच्या अहवालानुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्या संगणकातला धडा वर्गातल्या पोरांना कळतो का, हे त्या आकड्यांत येत नाही.

आमच्यासारखीच अडचण सीमेच्या पलीकडेही होती, फक्त भाषा उलट. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरमधला निम्मा वाटा त्यांनी इतर नऊ अंतिम उमेदवारांना दिला, त्याचीच चर्चा जास्त झाली. पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही कौतुक झालं. पण पुरस्काराच्या वेळी दिलेल्या माहितीत असं होतं की मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी आधी ती भाषा शिकले, पाठ्यपुस्तकं त्या भाषेत आणली आणि मग कोड जोडले. आपण कोड तेवढा उचलला. भाषा शिकायचं पहिलं काम राहूनच गेलं.

आणखी एक, थोडक्यात. "तुला कॉम्प्युटर येतो की!" म्हणून मुलांची माहिती ऑनलाइन भरायचं शाळेचं सगळं काम भाचीच्या गळ्यात आलं. आठवड्यातले तीन-चार तास ऑफिसात जातात. ते तास शिकवण्याचे होते.

आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली बी.एड. करतात आणि आपल्यातले काहीजण शाळांच्या कमिट्यांवर आहेत. त्यांच्याकडं दोनच मागणी आहेत. इंटर्नशिपला आलेल्यांना ऑफिसात बसवू नका. आणि निरीक्षणाला येणाऱ्या प्राध्यापकांना सांगा, निदान एक पाठ तरी छात्राध्यापकाने वर्गाच्या भाषेत स्वतः तयार केलेल्या साहित्यावर तपासा, मग ते फोनवर का रेकॉर्ड केलेलं असेना. बोर्ड देणाऱ्या दात्यांनीही पाटी लावण्याआधी आत मराठी धडे आहेत का, एवढं विचारावं.

गुरुवारी तिचा ध्वनीचा पाठ आहे. त्यासाठी आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या बँडवाल्याकडं जाऊन ताशाचा आवाज फोनमध्ये घेऊन आली आहे. तक्त्यात तो कुठल्या रकान्यात बसतो, बघायचं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव