सणाच्या ताटात सर्वांना जागा

शरद ऋतू लागला की आमच्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत भाजणीची कडबोळी होतात आणि शेजारच्या कन्नड घरातून कोडुबळे येते. गेल्या दिवाळीत मात्र एका मातेने घरी ओव्हनमध्ये भाजलेले ‘व्हीगन डोनट’ आणून दिले. तिच्या मुलास गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. पेढ्याच्या गावात वाढणाऱ्या या मुलाला प्रत्येक सणात हात मागे घ्यावा लागे. त्या दिवशी तो सर्वांबरोबर पंक्तीला बसला. या आनंदाचे मोल मी कमी लेखणार नाही.

तथापि ‘व्हीगन’ म्हणजे प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य, एवढेच; आरोग्यदायी असे नव्हे. मैदा, साखर आणि वनस्पती तूपही त्यात बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त शर्करा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्यास सांगितले, ते डोनटलाही लागू आहे. शिवाय बदाम वा सोयाबीनच्या दुधाचीही अ‍ॅलर्जी संभवते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी डोनट जरूर भाजावेत, निम्मी कणीक घालून, साखर आवरून. परंतु निरोगी बालकाचे दूध केवळ फॅशनपायी तोडू नये. बी-१२ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची उणीव त्यालाच भोगावी लागते. आणि तेलाच्या मोहनाची आपली कडबोळी मुळातच दुधाविना होतात, हेही विसरू नये.