उतारावर न्यूट्रल नको!



सोयाबीन घरात आले, कापसाचा पहिला वेचा झाला, हरभऱ्याची पेरणी उरकत आली, की आपल्या जिल्ह्यात चार-दोन घरांपुढे नवी मोटार उभी राहतेच. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ज्यांचे मन मागे-पुढे होत होते त्यांनीही हिशेब मांडायला सुरुवात केली. मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. म्हाताऱ्या आईला खामगावला दवाखान्यात न्यायचे, मुलीला परीक्षेला बुलढाण्याला सोडायचे, शेगावला दर्शनाला जायचे, या सगळ्याला ती कामी येते. परंतु बैलजोडी विकत घेणे वेगळे आणि ती राखणे वेगळे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोटारीचेही तसेच आहे. म्हणून या आठवड्यात पिकाऐवजी मोटारीविषयी चार गोष्टी सांगतो.

मोटार चालवताना दोन गोष्टी राखायच्या असतात : जीव आणि पेट्रोल. पुष्कळांना वाटते की या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. प्रत्यक्षात ज्या सवयीने पेट्रोल वाचते, बहुतेक वेळा त्याच सवयीने जीवही वाचतो.

घाटातील फुकटची सवारी

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे आणि मलकापूर, नांदुरा खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मलकापूरकडे जायचे तर राजूर घाट आणि खामगावकडे जायचे तर बोथ्याचा घाट उतरावा लागतो. गावोगावी ऐकू येते, "साहेब, घाट लागला की मी त गाडी न्यूट्रलच करतो. फुकटात उतरते." कोणी तर चावी फिरवून इंजिनही बंद करतात.

भाऊ, यात दोन चुका आहेत. एक हिशेबाची आणि एक जिवाची.

हिशेबाची चूक आधी पाहू. मारुती ८०० ही गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली. सुरुवातीच्या त्या गाड्यांत कार्बोरेटर असे. गिअरमध्ये गाडी उतरली तरी कार्बोरेटरमधून थोडेफार पेट्रोल ओढले जाई. न्यूट्रलची सवय त्या काळातली आहे. आजच्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्टरने मोजून सोडले जाते. गाडी गिअरमध्ये असेल, वेगात असेल आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलात, तर इंजेक्टर पेट्रोल सोडणेच थांबवतो. चाके इंजिनाला फिरवत राहतात आणि खर्च शून्य होतो. उलट न्यूट्रल केले, की इंजिनाला स्वतःच्या बळावर सुरू राहायचे असते, म्हणून ते पेट्रोल पीत राहते. म्हणजे घाटात गाडी गिअरमध्ये फुकट उतरते आणि न्यूट्रलमध्ये पैसे देऊन उतरते!

जिवाची चूक याहून मोठी आहे. न्यूट्रलमध्ये गाडीला आवरायला फक्त ब्रेक उरतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. नेमके शेवटच्या वळणावर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. इंजिन बंद केले तर आणखी वाईट. ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ इंजिनातूनच मिळते, ती दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर संपते आणि पॅडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगही जड होते, आणि चावी काढली तर ते कुलूप लागून अडकते.

म्हणून ज्या गिअरने घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरने तो उतरावा, हा जुना नियम आजही खरा आहे. उतार सुरू होण्यापूर्वीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकावा. वेग वाढला तर ब्रेक थोडा दाबून सोडावा, पाय त्यावर ठेवून बसू नये. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तेथे रात्री रोही, रानडुक्कर, अस्वल केव्हा आडवे येईल याचा नेम नसतो, त्यामुळे वेग कमी ठेवावा.

टायरमधील हवा

टायरमध्ये किती हवा भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. लहान गाड्यांना ती बहुधा ३० ते ३६ पौंडांच्या आसपास असते. चार माणसे आणि सामान असेल तर किती, हेही तेथेच दिलेले असते. हवा पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या प्रवासाआधी न चुकता तपासावी. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, तपासावी.

आपल्याकडे एक घातक समजूत आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून काही जण हवा कमी करतात. होते उलटे. ट्रॅक्टरला शेतात हवा कमी ठेवतात, कारण तेथे वेग कमी असतो आणि मातीवर पकड हवी असते. मोटारीचे टायर कमी हवेवर वेगात पळाले, की प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू दबते आणि सुटते. सायकलची तार वारंवार वाकवली की ती गरम होऊन तुटते, तसेच टायरच्या बाजूचे होते. वैशाखात तापलेल्या सिमेंट रस्त्यावर असे टायर फुटण्याचा धोका सर्वांत जास्त. शिवाय हवा कमी म्हणजे गाडी जड चालते आणि पेट्रोल जास्त लागते.

टायरचे वयही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाले, असे समजावे. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहतो तशी ही पाहावी. गोटा झालेले टायर आणखी एक हंगाम काढील, या आशेवर राहू नये.

वेग आणि उजेड

आपल्या जिल्ह्यातून मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा या भागातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू झाला. याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस प्रवासी गेले. ती रात्र जिल्हा विसरलेला नाही.

या महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मुभा आहे म्हणजे सक्ती नव्हे. ६० किलोमीटर जायला ताशी ८० ने ४५ मिनिटे लागतात, १२० ने ३० मिनिटे. वाचली पंधरा मिनिटे. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या मानाने १२० ला तो सव्वादोन पट होतो, आणि तो तुमच्या टाकीतून वसूल होतो. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८ पासून इंधन बचतीचे काम करते. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग बचतीचा, असे ती सांगत आली आहे. महामार्गावर इतके हळू जाणे सोयीचे नाही. परंतु डाव्या लेनमधून एकसारख्या ८० ने जाणाऱ्याचे काही बिघडत नाही. दर दीड-दोन तासांनी थांबावे, तोंडावर पाणी मारावे. सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि लागल्याचे कळत नाही.

आता थांबण्याचा हिशेब पाहा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद तरी जातो. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली गाडी ताशी ६० वरून थांबायला साधारण ३७ मीटर, ८० वरून ५७ मीटर आणि १२० वरून ११० मीटरच्या वर जागा घेते. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. रात्री डीपर दिव्याचा उजेड ४०-५० मीटरच्या पुढे फारसा कामाचा नसतो. म्हणजे गावच्या रस्त्यावर रात्री ६० च्या वर गेलात, की तुम्ही उजेडाच्या पुढे धावत आहात. मागे दिवा नसलेली कापसाची ट्रॉली किंवा रस्त्यावर वाळत घातलेला तुरीचा ढीग दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. त्यासोबत दुसरीही बाजू आहे. ती ट्रॉली आपलीच असते आणि तो ढीगही आपलाच. ट्रॉलीला मागे लाल चमकपट्टी चिकटवा, बैलगाडीलाही लावा, आणि मळणी रस्त्यावर करू नका.

मोटार म्हणजे मालगाडी नव्हे

मागची सीट पाडून चार पोती सोयाबीन भरून नेणारे पुष्कळ आहेत. दोनशे किलो वजन मागे गेले, की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग हाती लागत नाही आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिव्यांची उंची कमी करण्याचे बटण बहुतेक गाड्यांत असते, ते वापरावे. पण पोत्यांसाठी टेम्पो करावा हेच बरे.

माझ्या खात्याची एक सूचना मात्र काटेकोर पाळा. कीटकनाशके, तणनाशके मोटारीतून माणसांबरोबर नेऊ नका. लहान गाडीची डिकी आणि बसण्याची जागा यांत भिंत नसते. झाकण सैल असले तर वाफ बंद काचांमध्ये सगळ्यांच्या नाकात जाते, आणि सांडलेले औषध गादीत महिनोन्महिने राहते. त्याच गादीवर उद्या नातवंडे झोपतील.

पट्टा, लेकरे आणि पूर

मागच्या सीटवरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. गाडी भारी होती, पण पट्ट्याविना तिचा उपयोग झाला नाही. आजीला पट्टा आवळल्यासारखा वाटतो. तो पोटावरून न घेता कमरेच्या हाडावरून घ्यावा, म्हणजे त्रास होत नाही. लहान मूल पुढे मांडीवर कधीही घेऊ नये. एअरबॅग उघडते तेव्हा तिचा तडाखा मुलालाच बसतो.

अंगणात उभी गाडी नेहमी कुलूपबंद ठेवावी आणि चावी खुंटीवर उंच अडकवावी. खेळता खेळता मूल आत अडकले, तर उन्हात काही मिनिटांत गाडीची भट्टी होते.

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत नद्या-नाल्यांनी काय केले ते आपण पाहिले आहे. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. फूटभर वाहते पाणीही लहान गाडीला सरकवू शकते. उभ्या पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चालू करू नये. पाणी इंजिनात ओढले जाऊन मोठा खर्च निघतो.

पेट्रोलची वही

आता उरलेली बचत. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये. पुढे गर्दी किंवा वळण दिसले, की आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. फाटकापाशी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे तर इंजिन बंद करावे. सकाळी गाडी पाच मिनिटे तापवत ठेवण्याची आता गरज नाही. सुरू करून लगेच निघावे, पहिले दोन किलोमीटर सावकाश जावे.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते ऊस, मका अशा आपल्याच पिकांपासून बनते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने गाडीप्रमाणे अ‍ॅव्हरेज थोडे कमी येते. तेवढ्याने गाडी बिघडली असे समजू नये. मात्र इथेनॉल ओलावा धरते, म्हणून महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी तळाला ठेवू नये.

गोठ्यात दुधाची वही असते, तशी गाडीत पेट्रोलची वही ठेवावी. टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसले ते पाहून भागाकार करावा. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणारी, लिटरला २० देणारी गाडी ५०० लिटर पिते. सवयी सुधारून दहा टक्के वाचले, तर ५० लिटर, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरले तरी पाच हजार रुपये झाले. हरभऱ्याच्या एकरभर बियाण्याची सोय त्यात सहज होते. आकडा एकाएकी घसरला, तर दूध आटलेल्या म्हशीसारखे समजावे. दुखणे कुठेतरी आहे, मिस्त्रीला दाखवावे. ही वही घरातील लेकी-सुनांनी सांभाळावी, आणि जमेल त्यांनी रीतसर लायसन काढून गाडीही शिकावी. रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ येते तेव्हा घरात चालवणारे दुसरे कोणी असणे फार मोलाचे.

रस्त्यात अपघात दिसला तर पुढे निघून जाऊ नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे आता कायदाच सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणाचा जीव जाऊ देऊ नका.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीचा बंदोबस्त पाहू. तोवर शेतात कामगंध सापळे लावून ठेवा, आणि घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा.