दोन सिलिंडरची गाडी स्लोला अडखळते तेव्हा

या खेपेला एका गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलाचे पत्र हाती आले आहे. दुरुस्तीला आलेली जुनी व्ही-ट्विन मोटारसायकल स्लोला नीट चालत नाही, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर हिसके देते, मोकळ्या रस्त्यावर मात्र सुसाट धावते. उस्ताद म्हणतात, दोन्ही कार्बोरेटर नवे घाला. गिऱ्हाईक म्हणते, पोरानेच गाडी बिघडवली. मुलाच्या पगाराला कात्री लागायची वेळ आली आहे.

अशा गाड्या आपल्याकडे थोड्या, पण आहेत. 2000 नंतरच्या पहिल्या दशकात कायनेटिकने कोरियाच्या ह्योसंगच्या 250 सीसीच्या अक्विला आणि कॉमेट आणल्या. पुढे 2011 च्या सुमारास साताऱ्याजवळ वाई येथे 650 सीसीच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. आज त्या हातोहात फिरत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि त्यांना हात लावणारे मेकॅनिक शोधावे लागतात. म्हणून या कामात शिकणाऱ्याने लक्ष घालावे, असे आमचे मत आहे.

आधी एक समजून घ्यावे. ही गाडी एका सिलिंडरच्या गाडीसारखी समान ठोक्यात बोलतच नाही. 45 अंशांच्या हार्लेत एक ठोका 315 अंशांनी पडतो, तर पुढचा 405 अंशांनी. हा लंगडा ताल तिचा जन्मजात आहे, तो बिघाड नव्हे. ताल ठरलेला असेल तर गाडी ठीक. मधूनच ठोका चुकत असेल तर तिला मिसिंग म्हणावे.

आता पहिला प्रश्न: कोणते सिलिंडर काम चुकवते आहे? गाडी थंड असताना चालू करावी आणि मिनिटभराने पुढच्या व मागच्या बेंड पाइपवर, डोक्याजवळ, पाण्याचे दोन-दोन थेंब टाकावेत. एकावर पाणी चरचरत उडून जाते, दुसऱ्यावर नुसते ओघळते. ओघळले तेथे आळशी सिलिंडर. हात लावून पाहू नये, भाजेल. चालू गाडीच्या प्लगची टोपीही ओढू नये. शॉक बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन जाऊ शकते.

मग दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा पडलेला म्हणजे हवा जास्त, ओला म्हणजे पेटलेलाच नाही. इंजिन गार झाल्यावर पुढचा प्लग मागे आणि मागचा पुढे लावावा. आळस प्लगबरोबर सरकला तर काम संपले, खर्च एका प्लगचा. टोपी आणि कॉइल यांचीही अशीच अदलाबदल करता येते. एका वेळी एकच वस्तू बदलावी, नाहीतर काय बरे झाले ते कळत नाही.

प्लग निर्दोष निघाला, तर हवेकडे वळावे. स्लोला कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन जोरात ओढ घेत असते. अशा वेळी मॅनिफोल्डच्या रबराला गेलेली केसाएवढी चीरही मिश्रण बिघडवते. वेगात हवा एवढी जाते की ती चीर हिशेबातही धरली जात नाही. पत्रातली गाडी मोकळ्या रस्त्यावर बरी धावते, त्याचे कारण बहुधा येथेच सापडेल. गाडी चालू ठेवून रबराच्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर गळती तेथेच. काही जुने मेकॅनिक पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर तसे करणे म्हणजे आग बोलावणे होय.

आणखी एक जागा फारसे कोणी पाहत नाही. काही गाड्यांचा पेट्रोल कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतो, आणि ती ओढ एकाच सिलिंडरकडून बारीक नळीने येते. कॉकमधला पडदा फाटला, की त्या नळीतून थेट पेट्रोल त्या एकाच सिलिंडरात जाते. नळी काढून पाहावी. आत पेट्रोल दिसले तर दोष पडद्याचा, कार्बोरेटरचा नव्हे.

त्यानंतर स्लो जेट. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल सुकून जेट बुजतो. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी शिरले, तर ते वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून फ्लोट चेंबर रिकामे करून पाहावे. जेटमध्ये तार मात्र घालू नये, भोक मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. क्लीनर व हवेचा दाब पुरे.

टॅपेट थंड इंजिनावरच तपासावेत. गॅप कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. सावकाश फिरताना दाब गळून जायला वेळ मिळतो, जोरात फिरताना मिळत नाही. ज्या इंजिनात चकत्या बदलून गॅप जुळवतात, तेथे जाणत्याला सोबत घ्यावे.

हे सारे झाल्यावरच दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवावेत. व्हॅक्यूम गेज नसेल तर फळीवर पारदर्शक नळी यू आकारात लांब बसवून, तळाशी थोडे तेल भरून, दोन टोके दोन मॅनिफोल्डना जोडता येतात. तेल ज्या बाजूला वर चढते तिकडची ओढ जास्त. स्क्रू अगदी थोडा फिरवावा आणि तेल समान होईपर्यंत थांबावे. घाई केली तर तेल इंजिनात ओढले जाते.

आमच्या पत्रलेखकाने उद्या सकाळी, गाडी थंड असताना, उस्तादांच्या आणि गिऱ्हाइकाच्या देखत पाण्याचे थेंब टाकून पाहावेत.