निरोगी पेशींचा हिशेब

मेंदूतील गाठीचे निदान झाले की घरातील वडीलधाऱ्यांपासून गावाकडून धावत आलेल्या सोयऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, गाठ जाईल का. आणि हा प्रश्न इतका स्वाभाविक आहे की, गाठ गेल्यानंतर रोग्यापाशी काय काय शिल्लक राहील, हे विचारण्याचे भान त्या घटकेला कोणालाच राहत नाही. वास्तविक अवघ्या देहात डोक्याइतकी दाटीची वस्ती दुसरी नाही. दृष्टीचे मज्जातंतू, श्रवणाचे नाजूक यंत्र, लाळेच्या ग्रंथी, स्मृती जतन करणारा हिप्पोकॅम्पस आणि साऱ्या शरीराच्या वाढीची सूत्रे हाती ठेवणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, ही सर्व मंडळी तेथे एकमेकांना खेटून नांदतात, आणि गाठीवर सोडलेल्या किरणांना त्यांच्यामधूनच वाट काढावी लागते. म्हणून या भागावर किरणोपचार करताना निरोगी पेशी वाचविणे हे उपचाराचे अर्धे अंग मानले जावे आणि सरकारी दप्तरातही त्याची नोंद तशीच व्हावी, असे माझे मत आहे.

या विद्येचा सारा इतिहासच मुळी या काळजीचा इतिहास आहे. रोन्टगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधल्यावर काही महिन्यांतच वैद्यांनी ते गाठींवर रोखले, पण गाठीबरोबर कातडीही होरपळू लागली. पुढे पॅरिसमध्ये क्लोद रेगो आणि आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात एकूण मात्रेचे लहान हप्ते पाडून ते कित्येक दिवस देण्याची रीत बसविली, कारण दोन हप्त्यांमधील अवधीत निरोगी पेशी आपली दुरुस्ती गाठीच्या पेशींहून अधिक चांगली करून घेतात. आपले रोगी सहा-सहा आठवडे शेक घेतात, तो या रीतीचाच वारसा. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली निराळी युक्ती मांडली: अनेक दिशांनी बारीक शलाका आणून त्या एकाच बिंदूत मिळवाव्या, म्हणजे वाटेतल्या कोणत्याही एका जागी मात्रा अल्प राहते आणि संगमावर ती प्रचंड होते.

परंतु माझ्या मताचा खरा आधार परळ येथे सापडतो. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात, मेंदूत सौम्य वा मंदगतीने वाढणाऱ्या गाठी असलेले ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रुग्ण यदृच्छेने दोन गटांत विभागले. एका गटाला रूढ पद्धतीने, तर दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम अचूक बेतलेल्या शलाकांनी किरण दिले. मात्रा दोन्हीकडे एकच, ३० हप्त्यांत ५४ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक). त्याचे फलित २०१७ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ते असे की पाच वर्षांनंतर जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय अंतर नव्हते, मात्र रूढ पद्धतीच्या गटात अंतःस्रावांचा नवा बिघाड ५१ टक्क्यांना झाला आणि दुसऱ्या गटात ३१ टक्क्यांना, शिवाय बुद्धीची कार्येही त्या दुसऱ्या गटात अधिक टिकली. याच चमूने २०१० साली दाखवून दिले होते की, डाव्या कानशिलाआडच्या मेंदूखंडाच्या १३ टक्क्यांहून अधिक भागात ४३.२ ग्रेपेक्षा जास्त मात्रा गेली तर मुलाचा बुद्ध्यंक उतरण्याचा संभव वाढतो. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे त्याच्या शिक्षकाला विचारावे. त्यासाठी वैद्य व्हावे लागत नाही.

हा हिशेब मेंदूपुरताच नाही; तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या देशात मुख आणि घशाच्या कर्करोगाचे रोगी तर सर्वत्र आहेत. कानाखालील लाळग्रंथी किरणांत सापडल्या की तोंड कायमचे कोरडे पडते, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा तुकडा गिळवत नाही आणि दात किडत जातात. ब्रिटनमधील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ साली आले, या ग्रंथी वाचवून किरण दिलेल्या रुग्णांपैकी ३८ टक्क्यांना वर्षानंतर असा त्रासदायक कोरडेपणा होता. रूढ पद्धतीत तो ७४ टक्क्यांना होता.

खारघरच्या टाटा केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट खरीच. ठरावीक खोलीवर आपली बहुतेक शक्ती टाकून प्रोटॉन थांबतो आणि पलीकडचा भाग बहुतांशी सुटतो, हा रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली सुचविलेला लाभ मुलांच्या बाबतीत फार मोलाचा आहे. परंतु परळचा तो अभ्यास प्रोटॉनविनाच सिद्धीस गेला, हे आपण विसरू नये. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बेतलेला मुखवटा, सीटी आणि एमआरआय यांची काटेकोर जुळणी, प्रत्येक छेदावर गाठ आणि नाजूक अवयव यांच्या सीमा हाताने आखणारा डॉक्टर आणि आराखड्याची रुजवात घेणारा भौतिकीतज्ज्ञ, एवढ्यावर पुष्कळ साधते. कोट्यवधींच्या यंत्राचे उद्घाटन थाटात होते. भौतिकीतज्ज्ञाच्या रिकाम्या जागेची दरखास्त मात्र मंजुरीची वाट पाहत पडून राहते.

बाहेर रांग लागलेली असताना इतका वेळ कोठून आणावा, ही डॉक्टरांची कैफियत खोटी नाही, आणि उपचार लांबला तर गाठ वाढते हेही उघड आहे. त्यात आणखी एक धोका असा की, निरोगी भाग वाचविण्याच्या अतिहव्यासात गाठीची कड मात्रेवाचून राहिली तर ती तेथूनच पुन्हा उगवते. म्हणून ज्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य आहे, अशा मुलांना आणि सौम्य गाठींच्या रुग्णांना या अचूक पद्धतीत अग्रक्रम मिळावा, एवढी तजवीज तरी रांगेतही अशक्य नाही.

शासनाने आरोग्य योजनांतून किरणोपचाराचा खर्च मंजूर करताना पुढील कित्येक वर्षांच्या अंतःस्राव, श्रवण आणि स्मृती यांच्या तपासण्यांचीही तरतूद करावी, कारण हे बिघाड सावकाश, रोगी घरी परतल्यावर प्रकट होतात. आणि नातेवाइकांनी पहिल्या हप्त्याच्या आधी, आराखडा दाखवून घेताना, डॉक्टरांना निःसंकोच विचारावे की गाठीशेजारच्या कोणत्या अवयवाला किती मात्रा पोचणार आहे आणि ती याहून कमी करता येईल का.