खेळणे नसले तरी बाळ खेळते



दर खेपेला आपण पिकाविषयी बोलतो. आज पाळण्यातल्या बाळाविषयी बोलायचे आहे. कृषी खात्याच्या माणसाला हे काय सुचले, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

मध्यंतरी लेकीकडे सांताक्रूझला गेलो होतो. वाकोल्याला चाळीत एक खोली आहे. नातू सात महिन्यांचा. त्याच्यासाठी स्टेशनजवळच्या बाजारातून सेलवर चालणारी, दिवे लागणारी मोटार घेतली. ती सुरू करताच पोराने भोकाड पसरले. मी उचलून घेतले, तर जास्तच रडले. शेजारच्या मालवणकडच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, मोटार राहू द्या. आधी तुमचं तोंड त्याच्या ओळखीचं होऊ दे."

रात्री जावई कामावरून आले. हातपाय धुऊन चटईवर आडवे झाले, तोंडावर पंचा घेतला आणि "बुवा... कुक!" म्हणत तो बाजूला केला. पोरगे खदखदून हसले. वीस मिनिटे तो एकच खेळ चालला. खर्च शून्य.

मला मात्र चुटपुट लागली. माझी लेक एवढी होती तेव्हा मी गावोगाव फिरत होतो. घरी आलो तरी वडीलधाऱ्यांसमोर बापाने मूल खेळवणे आमच्याकडे बरे दिसत नसे. ते दिवस परत येत नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

नवजात बाळाला साधारण एक वीतभर अंतरावरचे चांगले दिसते. अंगावर पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्याचे पहिले खेळणे म्हणजे हा चेहरा. आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ऐकत असते. दीड-दोन महिन्यांचे झाले की ते माणसाकडे पाहून हसू लागते. ते "आं... गू" करील तेव्हा तुम्हीही तसेच म्हणा, मग थांबा. ते पुन्हा बोलेल. बोलणे शिकण्याची सुरुवात इथेच होते.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. तेल लावताना "हा हात, हा पाय" म्हणा. भाकरी थापताना बाळाला नीट दिसेल असे, पण चुलीपासून दूर, आजीच्या मांडीवर ठेवा. बसू लागले की वाटी आणि मोठा चमचा द्या, ते तासभर वाजवील. बाळाने तोंड फिरवले, जांभई दिली की पुरे झाले असे समजावे.

सांताक्रूझवरून जो लोहमार्ग डहाणूकडे जातो, त्यावरच पुढे घोलवड लागते आणि तिथून बोर्डी जवळ. तिथे 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, पाने, बिया वापरून मुलांना शिकवले. ती मुले थोडी मोठी होती, पण धडा तोच आहे. मुलाला लागते ते आपल्या अंगणात असते.

मात्र तान्ह्या बाळाच्या हाती बिया, शेंगदाणे, बटणे देऊ नका. घशात अडकतात. बाळाला वर फेकून झेलू नका, गदागदा हलवू नका. मेंदूला इजा होते. औषधाची रिकामी बाटली किंवा तिचे झाकण खुळखुळा म्हणून कधीही देऊ नका, धुतलेले असले तरी नाही. फवारणी करून आलात तर आधी साबणाने अंघोळ, कपडे बदलणे, मगच बाळ उचलणे. रडते म्हणून मोबाईल पुढे धरण्याची सवयही नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये.

खेळता खेळता बाळाची पारखही होते. तीन महिन्यांचे होऊनही हसत नसेल, सहा महिन्यांचे होऊनही आवाजाकडे वळत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका. आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. ऐकू कमी येत असेल तर जितके लवकर कळेल तितका उपाय बरा.

चार दिवस मीही पंचा तोंडावर घेऊन बसलो. पहिल्या दिवशी नातवाने पाठ फिरवली. चौथ्या दिवशी निघताना त्याने माझ्या तोंडावरचा पंचा स्वतःच ओढला. मोटार तशीच फळीवर पडून होती.

बाप मंडळींनो, आज धारा काढून झाल्या की हात धुऊन बाळाजवळ थोडे बसा. लोक काय म्हणतील याची फिकीर करू नका.