पूरक प्रणाली : फुप्फुसांची राखणदार, प्रसंगी वैरीणही

सरावली (ता. डहाणू) - स्वाइन फ्लूने ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात देशातील पहिला बळी घेतला. नेहमीचा फ्लू वृद्धांना गाठतो. हा मात्र धडधाकट, मध्यमवयीन माणसांच्याही जिवावर का उठतो, हे कोडे होते. त्याची अंशतः उकल २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केली. जुन्या फ्लूच्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटत होती, पण त्याला नामोहरम करू शकत नव्हती. प्रतिपिंड आणि विषाणूच्या या गाठी फुप्फुसांत साचून पूरक प्रणालीला (कॉम्प्लिमेंट) चेतवत होत्या.

ही प्रणाली म्हणजे तीसहून अधिक प्रथिनांची साखळी. एक प्रथिन दुसऱ्याला तोडते, दुसरे तिसऱ्याला. सी-३ चे तुकडे विषाणूवर खूण करतात; सी-५ पासून सुटणारा सी-५ए हा तुकडा पांढऱ्या पेशींना हाक देतो. ही हाक थांबलीच नाही, तर जमलेल्या पेशींच्या स्रावांनी फुप्फुसांचे नाजूक अस्तर जखमी होते आणि वायुकोशांत पाणी भरते.

मग ही प्रणालीच बंद पाडावी काय? तसे करणे धोक्याचे ठरेल, हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. अरविंद साहू व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. २००९ च्या विषाणूपासून बचाव होण्यासाठी पूरक प्रणालीच्या दोन मार्गांनी एकत्र काम करणे आवश्यक असल्याचे त्यांना आढळले.

कोरोनाकाळात औषधांची परीक्षा झाली. सी-५ संपूर्ण रोखणाऱ्या रॅव्युलिझुमॅबची चाचणी लाभ न दिसल्याने जानेवारी २०२१ मध्ये थांबली. केवळ सी-५ए ला अडवणाऱ्या व्हिलोबेलिमॅबच्या चाचणीत, कृत्रिम श्वसनावरील ३६८ रुग्णांपैकी औषध मिळालेल्यांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३२ टक्के, तर इतरांत ४२ टक्के राहिले. मात्र मुख्य सांख्यिकी निकषावर हा फरक निर्णायक ठरला नाही. तरीही अमेरिकेने एप्रिल २०२३ मध्ये त्याला आपत्कालीन परवानगी दिली. फरक लहान नाही. पण एका चाचणीवर विसंबून उत्साह दाखवण्याचीही ही वेळ नव्हे.

सरावलीसारख्या गावाच्या दृष्टीने खरी मेख पुढेच आहे. हे औषध व्हेंटिलेटर लावल्यापासून ४८ तासांत सुरू करावयाचे. म्हणजे आधी व्हेंटिलेटर हवा, तो चालवणारे हात हवेत. डहाणू-तलासरीच्या अत्यवस्थ रुग्णाला त्यासाठी बहुधा वापी, सिल्वासा किंवा मुंबईची वाट धरावी लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तरी ही वाट मोडलेली नाही.

त्या मानाने स्वस्त डेक्सामेथासोनने जून २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरील कोरोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवल्याचे ब्रिटनमधील चाचणीत दिसले. फ्लूमध्ये मात्र स्टेरॉइड सरसकट दिले जात नाही. तेथे ऑसेल्टामिव्हिर उपयोगी, आणि तेही ताप आल्यापासूनच्या पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. त्यासाठी व्हेंटिलेटर लागत नाही. गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात असावी लागते.